बोट ठेवून दाखव

पाचवीतल्या मुलाला नवोदयच्या प्रवेश परीक्षेत सगळ्यांत शेवटी चार उतारे येतात. एकेका उताऱ्यावर पाच प्रश्न, म्हणजे वीस प्रश्न आणि २५ गुण. आधी बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, मग अंकगणिताचे २०, आणि दोन तासांतली उरलेली ३० मिनिटं भाषेची, असा हिशेब धरलेला आहे. नगर जिल्ह्याचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे. सहावीला जागा ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. नगर शहरालगतच्या केडगावची ओळख रेणुकामातेच्या देवळाचं गाव अशी असली, तरी ते महापालिकेच्या हद्दीत मोडतं. त्यामुळे इथं शिकणाऱ्या मुलाला चुरस आणखीच जास्त. एका प्रश्नाला सव्वा गुण, आणि अशा एकदोन प्रश्नांवर नाव यादीत लागतं किंवा राहतं.

त्या सबंध परीक्षेत उतारा हा एकच भाग असा, की ज्याची उत्तरं प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असतात. तरीही गुण तिथं जातात. ते का जातात आणि कसे वाचवायचे, यावर केडगावातली दोन माणसं बरीच वर्षं एकमेकांशी वाद घालत आली आहेत. एक बाई, जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळी नोकरी करून निवृत्त झालेल्या. दुसरे त्यांचेच विद्यार्थी, जे आता नवोदय, शिष्यवृत्ती आणि दहावीचा क्लास चालवतात. दोघांनाही नाव छापून यायला नको आहे, म्हणून इथं ती दोघं बाई आणि सर. वाद तोडीस तोड आहे आणि त्यात पालकांनी ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून तो इथं मांडतो आहे.

सर : बाई, मी पहिल्या दिवशी मुलांना एकच सांगतो. उताऱ्याआधी प्रश्न वाचा. काय शोधायचंय हे ठाऊक असलं की नजर बरोबर तिथं जाते. वेळ वाचतो.

बाई : दहा वर्षांच्या पोराला पाच प्रश्न आणि त्यांचे वीस पर्याय आधी वाचायला लावतोस? उताऱ्यापाशी येईस्तोवर पहिला प्रश्न विसरलेला असतो. आणि त्या वीसातले पंधरा पर्याय चुकीचे असतात, हे लक्षात घे. म्हणजे खरी गोष्ट वाचायच्या आधी पंधरा खोट्या गोष्टी तू त्याच्या डोक्यात भरल्यास.

सर : पर्याय नाही, नुसते प्रश्न. पर्यायांवर हात ठेवायला सांगतो मी.

बाई : ते बरं करतोस. पण मग मुलगा काय करतो ते मी तुझ्या वर्गात बसून बघितलंय. ‘खंदक’ शब्द प्रश्नात दिसला, की उताऱ्यात ‘खंदक’ शोधतो. सापडला, की त्याच ओळीतला एखादा शब्द ज्या पर्यायात असेल त्यावर खूण करतो. याला वाचणं म्हणत नाहीत. उतारा त्यानं वाचलेलाच नसतो.

सर : पण उत्तर बरोबर येतं ना?

बाई : कधी येतं. पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं तुला वाटतं का? तो चुकीच्या पर्यायातच उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा टाकतो, आणि बरोबर पर्याय वेगळ्या शब्दांत लिहितो. शब्द जुळवणारं पोर अलगद तिथं अडकतं.

इथं बाईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पर्यायी उत्तरांच्या कुठल्याही बऱ्या परीक्षेत हे असतंच. उताऱ्यात ‘पाऊस कमी पडल्याने पीक हातचे गेले’ असेल, तर बरोबर पर्यायात ‘दुष्काळामुळे नुकसान झाले’ असं येतं आणि ‘पाऊस’ हा शब्द शेजारच्या चुकीच्या पर्यायात जाऊन बसतो. अर्थ कळलेलं मूल तिथं थांबत नाही. शब्द शोधणारं मात्र हमखास तिथं चुकतं.

पण सरांनी लगेच वेळेचा मुद्दा काढला, आणि तो खोडून काढता येण्यासारखा नाही.

सर : बाई, चार उताऱ्यांना तीस मिनिटं. एकाला साडेसात. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, त्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं ठरवलंय. चला, माझं पाचवीतलं मूल तेवढंच वाचतं असं धरू. दीडशे शब्दांच्या उताऱ्याला अडीच मिनिटं गेली. प्रश्न आणि पर्याय मिळून आणखी तेवढेच शब्द, पुन्हा अडीच मिनिटं. उरली अडीच. त्यात विचार करायचा, खात्री करायची आणि उत्तरपत्रिकेवरचा गोळा रंगवायचा. तुम्ही म्हणता तसं उतारा दोनदा निवांत वाचायचा म्हटलं, तर वेळ आणायचा कुठून?

बाई : त्याचं वाचन वाढवून.

सर : ते कधी होणार? माझ्याकडे मुलं जूनमध्ये येतात आणि हिवाळ्यात परीक्षा असते.

बाई : मग जूनमध्ये उतारे सोडवून घेऊ नकोस. मोठ्यानं वाचून घे. दिवाळीपर्यंत नुसतं वाचन. मिनिटाला ६० शब्द वाचणारं पोर १०० वर आलं, की तुझी अडीच मिनिटं दीडवर येतात. तुझ्या कुठल्या युक्तीनं एका उताऱ्यामागे एवढा वेळ वाचतो, सांग.

सर गप्प बसले नाहीत, पण या हिशेबाला त्यांच्याकडे उत्तरही नव्हतं. बाईंच्या म्हणण्याला मोठा आधार आहे. ग्रामीण भागातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा ‘असर’ अहवाल सांगतो, की २०२४ मध्ये देशभरातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ज्या मुलाला ओळ अडखळत वाचावी लागते, त्याचं सगळं लक्ष अक्षरं जोडण्यात जातं. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते. त्याला ‘मुख्य कल्पना ओळखा’ असं शिकवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

सर : तुम्ही ‘वाचा वाचा’ म्हणता ते मलाही कळतं. पण माझ्याकडे येणारी मुलं कुणाची आहेत? औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत जाणाऱ्याची, मार्केटात हमाली करणाऱ्याची, भाजीच्या गाडीवर बसणाऱ्या बाईची. घरात पाठ्यपुस्तकाशिवाय छापील कागद नाही. वाचनाची गोडी वगैरे ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. माझ्या मुलांना युक्ती दिली, तर निदान चार गुण वाढतात. ती त्यांच्या हक्काची आहे.

बाई : छापील कागद नाही, हे तुला कुणी सांगितलं? नेप्तीचं मार्केट आपल्या उशाला आहे. ज्याच्या घरी कांदा आहे, त्याच्या बापाच्या खिशात विक्रीची पट्टी असते. मी मुलांना ती आणायला लावायचे. एका पट्टीत किती वाचायला असतं माहीत आहे? एक नंबरच्या गोण्या किती, दोन नंबरच्या किती, गोल्टीला काय भाव लागला, वजन किती भरलं, हमाली किती गेली, तोलाई किती, गाडीभाडं किती, उचल कापली का, आणि शेवटी हातात काय पडलं. मी विचारायचे, ‘सगळ्यात जास्त पैसे कशाचे आले?’ पोरं पटकन एक नंबर म्हणायची, कारण भाव त्याचा जास्त. नीट बघितलं, की कळायचं गोण्या दोन नंबरच्या जास्त होत्या आणि रक्कम तिथं मोठी. हे तुझे निष्कर्षाचे प्रश्नच आहेत ना?

सर : आहेत. खरंच आहेत.

बाई : आणि त्या कागदात पोराला रस असतो. बापाचे पैसे असतात त्यात. चुकीचं वाचलं तर घरात कळतं.

या ठिकाणी मला थोडं थांबावंसं वाटतं. क्लासमध्ये सरावाला जे उतारे वापरतात ते एकदा बघा. प्रामाणिक लाकूडतोड्या, चतुर ससा, एकीचं बळ, झाडे लावा. मुलाला गोष्ट आधीच माहीत असते. लाकूडतोड्यानं सोन्याची कुऱ्हाड नाकारली हे उतारा न वाचता सांगता येतं. बाईंनी यावर एक साधी कसोटी काढली होती आणि ती सरांच्याच सरावपत्रिकांना लावून दाखवली. उतारा कागदानं झाकायचा आणि मुलाला नुसते प्रश्न सोडवायला द्यायचे. पाचातले तीन बरोबर आले, तर तो उतारा सरावाला निकामी. त्यातून वाचनाची परीक्षा होत नाही, आधी माहीत असलेल्या गोष्टींची होते. सरांनी त्या कसोटीनंतर निम्म्या पत्रिका बाजूला काढल्या, हे त्यांच्या मोठेपणाचं आहे.

मग दोघांनी मिळून एक उतारा तयार केला. नगरचाच, मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. तो असा :

‘नगरचा भुईकोट किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. म्हणून त्याच्या रक्षणासाठी तटाभोवती रुंद खंदक केलेला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक करून इथे आणून ठेवले. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तुटला. तरी काहींनी बंदिवासातही वाचन आणि लेखन सोडले नाही. पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांचे इथले लेखन पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.’

प्रश्न होता, उताऱ्याच्या आधारे कोणते विधान बरोबर आहे? पर्याय चार. किल्ल्यातल्या सर्व कैद्यांनी पुस्तके लिहिली. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या किल्ल्यात लिहिले. कैदेत असतानाही काही नेत्यांचे लिखाण चालू राहिले. कैद्यांना बाहेरच्या बातम्या रोज मिळत.

वर्गातल्या बऱ्याच हुशार मुलांनी दुसऱ्या पर्यायावर खूण केली. आणि इथं बाई आणि सर यांच्यात खरी जुंपली.

बाई : ते चूक कसं? नेहरूंनी ते पुस्तक १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिलं. नगरच्या पोराला हे ठाऊक आहे म्हणून त्याची पाठ थोपटायची, का गुण कापायचे?

सर : पाठ थोपटा, पण गुण मिळणार नाहीत. उताऱ्यात त्या पुस्तकाचं नाव आहे कुठं? प्रश्नात ‘उताऱ्याच्या आधारे’ असं लिहिलंय. बोट ठेवून दाखवा म्हटलं, तर मुलगा कुठं बोट ठेवणार?

बाई : पण ज्ञान आहे ना ते. शाळा कशाला आहे मग?

सर : बाई, मी पुण्यात राहून एमपीएससीची तयारी केली, तेव्हा हे फार महागात पडलं होतं. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत सीसॅटचा पेपर २०१३ पासून आला. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास, आणि त्यातले पन्नासच्या आसपास प्रश्न उताऱ्यांवर. चुकलं की गुण वजा. २०२२ मध्ये तो पेपर फक्त ३३ टक्के मिळवण्यापुरता झाला, पण माझ्या वेळी त्याचे सगळे गुण धरायचे. माझा एक सोबती रोज तीन वर्तमानपत्रं वाचायचा. अभ्यास दांडगा. सामान्य अध्ययनात आम्हा सगळ्यांच्या पुढे. आणि उताऱ्यात मार खायचा. शेतीवरचा उतारा आला, की तो लेखकाचं म्हणणं बाजूला ठेवून स्वतःचं मत शोधायचा पर्यायांत. त्याला विषय माहीत होता, तेच त्याला नडलं. मला विषय माहीत नसायचा, म्हणून मी ओळीला धरून चालायचो आणि तरून जायचो.

बाई : म्हणजे न वाचणारा बरा?

सर : नाही. वाचणारा, पण हे कुणाचं म्हणणं आहे ते विसरत नाही असा.

बाई यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, की वर्गात त्या स्वतः मुलांना आयुष्यभर हेच विचारत आल्या होत्या. मूल काही सांगायला लागलं की ‘कुठं लिहिलंय? बोट ठेवून दाखव.’ फक्त त्यांनी ते पट्टीसाठी, धड्यासाठी विचारलं, परीक्षेसाठी कधी विचारलं नाही. समोरचा माणूस काय म्हणतोय ते त्याच्याच शब्दांत आधी ऐकून घ्यायचं, आपलं मत नंतर, ही शिस्त त्यांना मान्य होती. त्यांचं भांडण त्या शिस्तीशी नव्हतंच. ज्या मुलाला नेहरूंचं पुस्तक माहीत आहे, त्याला ‘तू चुकलास’ एवढंच ऐकून घरी जावं लागतं, यावर त्यांचा राग होता. सरांनी तेवढं बदललं. आता ते अशा मुलाला म्हणतात, ‘हे खरं आहे, पण या उताऱ्यात नाही. तुला हे कुठून कळलं, ते आम्हाला सांग.’ वर्गाला माहिती मिळते आणि मुलाला दोन गोष्टींतला फरक कळतो.

सरांची दुसरी लाडकी युक्ती मात्र बाईंनी पार निकालात काढली.

सर : ‘फक्त’, ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच’ असे शब्द पर्यायात दिसले की तो पर्याय बहुधा चूक असतो. आता वरच्याच प्रश्नात बघा, ‘सर्व कैद्यांनी’. उताऱ्यात ‘काहींनी’ आहे.

बाई : ‘काहींनी’ आहे हे वाचलंस म्हणून तो चूक ठरला. ‘सर्व’ दिसला म्हणून नाही. थांब, मी तुझ्या मुलांना एक उतारा देते.

त्यांनी देवीच्या यात्रेवर चार ओळी लिहिल्या. गाभाऱ्याकडची एक वाट फक्त वृद्धांसाठी आणि दिव्यांगांसाठी ठेवली आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. प्रश्नात बरोबर पर्यायही तोच होता, ‘फक्त’ शब्दासकट. सरांचा अर्धा वर्ग चुकला. ‘फक्त’ दिसला म्हणून मुलांनी तो पर्याय न वाचताच सोडून दिला होता.

सर : हे मला मान्य करावं लागेल.

बाई : तसा शब्द दिसला तर उताऱ्याकडे परत जा, एवढं सांग. खोडून टाक असं सांगू नकोस.

ही सूचना क्लास चालवणाऱ्या प्रत्येकानं उचलावी असं मला मनापासून वाटतं. ‘फक्त’, ‘सर्व’, ‘बहुतेक’, ‘काही’, ‘नाही’, ‘वगळता’ हे शब्द उतारा आणि पर्याय यांच्यातलं अंतर मोजायला उपयोगी पडतात. सगळ्यांत जास्त गुण तर ‘नाही’ या शब्दापायी जातात. ‘खालीलपैकी कोणते कारण उताऱ्यात दिलेले नाही?’ असा प्रश्न असतो. घाईतलं मूल ‘कारण दिलेले’ इथपर्यंत वाचतं आणि पहिल्याच खऱ्या कारणावर खूण करून मोकळं होतं. शिष्यवृत्तीला वरच्या इयत्तेतल्या मुलांची आणखी एक अडचण असते. तिथं काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. ‘दोन अचूक पर्याय निवडा’ ही सूचना प्रश्नातच असते, आणि तीच वाचायची राहते. म्हणजे उतारा कळलेला असूनही प्रश्न न वाचल्यामुळे गुण जातात. प्रश्नातल्या ‘नाही’ आणि ‘दोन’ या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढायची, ही सरांची सवय बाईंनी एका शब्दानं नाकारली नाही.

नवोदयच्या पेपरात कुठला भाग आधी सोडवायचा, यावरही त्यांची खडाजंगी झाली. उतारे शेवटी असतात, म्हणजे ६१ ते ८० हे प्रश्न. बुद्धिमत्तेच्या आकृत्यांत आणि गणितात अडकलेलं मूल तिथं पोचतं तेव्हा घड्याळ पुढे गेलेलं असतं आणि डोकं शिणलेलं. सर म्हणतात, भाषा आधी घ्या. बाई म्हणतात, दहा वर्षांचं पोर ६१ नंबरचा गोळा रंगवायच्या नादात पहिल्या ओळीतला रंगवील आणि सगळंच घसरेल. मला वाटतं, सरांचं बरोबर आहे, पण त्यासाठी घरी छापील उत्तरपत्रिकेवर पुरेसा सराव करून घेतला असेल तरच. नसेल तर क्रमानं गेलेलं बरं. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. एमपीएससीला मात्र हाच सल्ला अंगाशी येतो. तिथं अंदाज करण्याची किंमत मोजावी लागते.

मग विषय दहावीवर आला, आणि इथं बाई जास्त तापल्या.

बाई : दहावीला मराठीची कृतिपत्रिका ८० गुणांची. गद्य विभागाला १८. त्यात पाठ्यपुस्तकातले दोन उतारे सात-सात गुणांचे, आणि अपठित चार गुणांचा. दोन्ही पठित उताऱ्यांखाली तीन-तीन गुणांचं स्वमत. म्हणजे स्वमताचे सहा सोडले, तर १८ पैकी १२ गुणांची उत्तरं मुलाच्या समोर छापलेली. पाठांतराची गरज नाही. तरी मुलं धडे पाठ करतात, कारण त्यांना समोरच्या कागदावर विश्वास नाही.

सर : विश्वास आहे, पण आकृतिबंध पाहून घाबरतात. चौकटीत दोन शब्द लिहायचे तिथं उताऱ्यातलं सबंध वाक्य उतरवतात. वाक्य लिहिलं की गुण नक्की, असं त्यांना वाटतं.

बाई : आणि स्वमत? तुझ्या क्लासच्या सगळ्या वह्यांत स्वमताची सुरुवात एकाच वाक्यानं होते. मी पाहिल्यात वह्या. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’. पंधरा वर्षांच्या केडगावच्या पोराचं कसलं रे धकाधकीचं जीवन?

सर : तो साचा आहे. ज्याला काहीच सुचत नाही, त्याला तीनपैकी दीड गुण तरी मिळतो.

बाई : सुचत नाही, कारण तू साचा दिलास. उताऱ्याचा आधार धर आणि बाकी स्वतःचं लिही म्हण. धड्यात पाण्याचा विषय असेल, तर त्याच्या गल्लीत टँकर येतो का, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, हे लिहू दे. ते खरंच त्याचं मत असेल.

सर म्हणाले, की साचा एकदम काढून घेतला तर वर्गातली मागची मुलं कोरा कागद देतील. त्यांनी मधला मार्ग काढला आहे. पहिलं वाक्य उताऱ्यातल्या एका ओळीला धरून, आणि दुसरं वाक्य स्वतःच्या घरातलं किंवा गल्लीतलं. बाईंना तेवढंही पुरेसं वाटत नाही. या एका बाबतीत मी सरांच्या बाजूचा आहे. घाबरलेल्या मुलाला पहिलं वाक्य लिहायला काहीतरी हातात लागतं, आणि ती उताऱ्याची ओळ असेल तर मुलाला निदान पुन्हा उताऱ्याकडे जावं लागतं.

प्रश्न आधी की उतारा आधी, यावर त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पण बोलता बोलता दोघंही जे सांगत गेले ते असं. लहान मुलानं उतारा आधी एकदा सरळ वाचावा, मधे न थांबता, एखादा शब्द अडला तरी पुढे जावं. अडलेल्या शब्दाचा अर्थ पुढच्या ओळीत पुष्कळदा उलगडतो. मग एकेक प्रश्न घ्यावा आणि पर्याय बघायच्या आधी उत्तर मनात म्हणावं. त्यानंतर पर्यायांकडे जावं. आणि खूण करायच्या आधी ते उत्तर उताऱ्यात कुठल्या ओळीत आहे त्यावर बोट ठेवावं. बोट ठेवता आलं नाही, तर थांबावं. शीर्षक सुचवा किंवा मुख्य कल्पना सांगा असा प्रश्न मात्र शेवटी घ्यावा, कारण त्याचं उत्तर एका ओळीत नसतं, सगळ्या उताऱ्यावर पसरलेलं असतं. मोठ्या मुलाला, एमपीएससीच्या लांबलचक उताऱ्यात, आधी प्रश्नांवर नजर टाकून जायला हरकत नाही. त्याचं वाचन तेवढं पक्कं झालेलं असतं.

सर : एक सांगा बाई. दिवाळीपर्यंत नुसतं वाचन म्हणालात. पालक फी भरतात, त्यांना चाचणीचे गुण दिसायला हवे असतात. त्यांना मी काय सांगू?

बाई : मिनिटाला किती शब्द वाचतो ते लिहून दे. जूनला किती होते, ऑगस्टला किती झाले. तेही गुणच आहेत. आणि वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का, ते पालकांसमोर करून दाखव.

सर : आणि वाचायला काय देऊ? सरावाचे उतारे तुम्ही काढून टाकलेत.

बाई : बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. पन्नास वर्षांहून जास्त काळाचे अंक. गोष्टी आहेत, विज्ञान आहे, चरित्रं आहेत, कोडी आहेत. कुठलंच पोर त्यातली गोष्ट आधी ऐकून आलेलं नसतं. शहरात जिल्हा वाचनालय आहे. वर्तमानपत्रातलं स्थानिक पान आहे, ‘सार्वमत’ घे, दुसरं कुठलं घे, केडगावची बातमी असली की पोर आपणहून वाचतं. औषधाच्या बाटलीवरचं वाच, एसटीच्या फलकावरचं वाच.

सर : आणि पट्टी.

बाई : आणि पट्टी.

केडगावातल्या आणि नगर तालुक्यातल्या पालकांना माझी विनंती आहे. मूल नवोदयला किंवा शिष्यवृत्तीला बसणार असेल, तर सराव पुस्तकांची चळत विकत आणण्याआधी त्याला रोज एक पान तुमच्यासमोर मोठ्यानं वाचू द्या. तुम्हाला स्वतःला फारसं वाचता येत नसेल तरी अडत नाही. वाचून झालं की एकच प्रश्न विचारा, ‘हे कुठं लिहिलंय?’ आणि त्याला बोट ठेवू द्या. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि साध्या स्मार्टफोनवरही उतरवून घेता येतात.